चेंडूंचा हिशेब

वाचकहो, आरंभीच माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी दौंडकडचा १३ वर्षांचा एक मुलगा वडिलांसह माझ्या शिरूरच्या दवाखान्यात आला. शाळेच्या बेसबॉल संघातला तो एकमेव भरवशाचा पिचर. कोपराच्या आतल्या बाजूस दुखत होते. “परवा सामना आहे, डॉक्टरसाहेब. तेवढा निभावून न्या,” वडील म्हणाले. मी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या.

सामना झाला. तीन दिवसांनी मुलगा पुन्हा आला, तेव्हा हात कोपरात सरळ होईना. क्ष-किरण चित्रात हाडाच्या वाढीची रेषा रुंदावलेली दिसली. पुढे कित्येक महिने त्याला चेंडू फेकता आला नाही. गोळ्यांनी दुखणे थांबले नव्हते. दुखण्याची सूचना तेवढी थांबली होती.

वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेचा मऊ थर असतो. मोठ्या माणसाचा अस्थिबंध ज्या ओढीने ताणला जातो, त्याच ओढीने मुलाचा हा थर सुटू लागतो. म्हणून कोपर किंवा खांदा दुखू लागताच फेकणे बंद करावे आणि तपासणी करून घ्यावी. गोळी देऊन मैदानात पाठवू नये.

अमेरिकेतील लिटल लीगने २००७ पासून डावांऐवजी चेंडू मोजण्याचा नियम केला. ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू. ६६ किंवा अधिक टाकले, तर चार दिवस विश्रांती. ही कमाल मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नव्हे. शिवाय आपल्याकडची मुले सकाळी बेसबॉलचा सराव करतात, सायंकाळी गल्लीत टेनिस बॉलने जलद गोलंदाजी करतात, आणि वाटेत दगडाने चिंचा पाडतात ते वेगळेच. खांद्याला खेळांची नावे कळत नाहीत.

सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरतो, म्हणून मुली सुरक्षित, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. तेथे खांद्याची पुढची बाजू आणि दंडाचा स्नायू यांवर मोठा ताण येतो.

तो मुलगा पुढे पहिल्या बेसवर खेळू लागला. त्याची धाकटी बहीण आता सॉफ्टबॉलची पिचर आहे. वडील उसाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर तिचे चेंडू मांडतात, आणि दवाखान्यात आले की ती वही आधी माझ्यापुढे ठेवतात.