काशीचे काचमणी आणि त्यांची दुधी झांक

काशीस जाणारा महाराष्ट्रीय यात्रेकरू गंगास्नान करतो, अहल्याबाई होळकरांनीं इ. स. १७८० मध्यें बांधविलेल्या मंदिरांत विश्वेश्वराचें दर्शन घेतो, आणि गंगाजलाचा गडू व एखादें रेशमी वस्त्र घेऊन परततो. त्याच नगरींत हातानें काचेचे मणी घडविण्याचा उद्योग चालतो, तिकडे मात्र क्वचितच कोणाचें लक्ष जातें. सुभाषितकारांनीं काच आणि मणी यांस परस्परविरुद्ध ठरविलें. काशीच्या कारागिरानें काचेलाच मणिपद मिळवून दिलें आहे.

असा एक कारखाना आम्हांस पाहावयास मिळाला. ज्योतीपुढें बसलेला कारागीर काचेची कांडी तापवितो. ती मधासारखी पाझरूं लागली कीं मातीचा लेप दिलेल्या तारेवर तिचे वेढे घेऊन मणी वळतो. तो तप्त मणी मिन्याच्या रंगीत पुडींत घोळवून पुन्हां ज्योतींत धरला म्हणजे पूड वितळून अंगास एकजीव होते. मिना म्हणजे तरी काय? लवकर वितळणारी रंगीत काचच. पुढें मणी सावकाश निववितात. घाई केल्यास तो तडकतो.

हा मणी चकाकतो. परंतु पुष्कळांस दंव पडल्यासारखी दुधी झांक अधिक आवडते. ही झांक म्हणजे वरून दिलेला रंग नव्हे. गुळगुळीत पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खांचा पडल्या कीं प्रकाश चोहोंकडे विखुरतो व काच धूसर दिसते. ओल्या मण्याच्या खांचांत पाणी भरून तो पुन्हां चकाकतो; म्हणून परीक्षा नेहमीं कोरड्या मण्याची करावी.

ह्या खांचा पाडण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा. तें काचच खातें, म्हणून काचेच्या बाटलींत ठेवतां येत नाहीं. कांहीं मिनिटांत तें नक्षीच्या खोलगट भागांतही सारखी झांक आणतें. परंतु तें कातडींतून थेट हाडापर्यंत उतरतें. तेथील एका वृद्ध कारागिरानें आम्हांपुढें उजवा हात धरला. तर्जनीचें नख कायमचें गेलेलें होतें. "पंडितजी, दिवसा कांहींच दुखलें नाहीं, रात्रीं हाड जळूं लागलें," एवढेंच तो म्हणाला.

दुसरा मार्ग संथ आहे. फिरत्या पिंपांत पाणी व कारबोरंडमची बारीक पूड घालून त्यांत मणी तासन्‌तास घोळवितात. कोंकणच्या किनाऱ्यावर फुटक्या बाटल्यांचे तुकडे लाटा व वाळू यांनीं असेच दुधी होतात. समुद्रास वर्षें लागतात, एवढाच भेद. येथें एक दक्षता हवी. मिन्याचा थर पातळ असतो व उंच नक्षी प्रथम झिजते. म्हणून आधीं एकच मणी घालून पाहावा व मधूनमधून पिंप उघडावें. पूड कोरडी मात्र वापरूं नये. श्वासाबरोबर जाणारी काचेची धूळ फुप्फुसांस घातक असते.

ज्या वाचक भगिनी हौसेनें घरीं मणी करतात त्यांनीं आम्लाच्या वाटेस जाऊं नये. झांक आणणारीं तयार मिळणारीं मलमेंही बहुधा त्याच कुळांतलीं असतात. आणि विकत घेणारांनीं दुकानदारास एवढें अवश्य विचारावें कीं, ही झांक आम्लाची कीं पिंपाची? मागणी चार दिवस आधीं दिली, दोन पैसे अधिक मोजले, तर कारागिरास पिंप फिरविण्यास सवड मिळते. मण्याच्या अंगावरील खांचा शोभा देतात. त्या करणाऱ्याच्या हातावर उमटूं नयेत, एवढी काळजी गिऱ्हाइकास घेतां येण्यासारखी आहे.