स्वभावाला औषध नाही, पण शाखा आहे

२०२४ सालचा ऑक्टोबर महिना आमच्या घरी ताणाचा गेला. कन्या शाळेच्या शेवटच्या वर्षाला, कॉलेजच्या अर्जांची मुदत तोंडावर आलेली, आणि घरात जो तो एकमेकांशी जपून बोलत होता. अशा एका रविवारी सकाळी आम्ही पोह्यांवर लिंबू पिळत असताना ती लॅपटॉप घेऊन समोर येऊन बसली. म्हणाली, "बाबा, ह्यांनी विचारलंय, इंजिनिअरिंगची हीच ब्रँच का? अडीचशे शब्दांत लिहायचंय. माझ्या स्वभावाला कुठली सूट होईल रे?"

आमच्या हातातले लिंबू हातातच राहिले. इंजिनिअर म्हणून पोट भरायला लागून आम्हाला वीस वर्षे उलटून गेली, पण हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलेला आठवेना. आम्ही स्वतःला तो विचारला तिशी ओलांडल्यावर, आणि तोही एका पंपाने विचारायला लावला म्हणून.

आमच्या वेळी (हे दोन शब्द वापरण्याइतके केस आता पिकले आहेत) 'स्वभाव' हा शब्द मुलगी पाहायला जाताना वापरीत, ब्रँच निवडताना नव्हे. १९९७ साली आम्ही बारावी झालो. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स या तीन विषयांच्या मार्कांवर सारे ठरायचे. वरची मुले कॉम्प्युटरला, त्याखालची इलेक्ट्रॉनिक्सला, मग मेकॅनिकल, आणि शेवटी सिव्हिल, अशी उतरंड होती. ज्याला मनापासून पूल बांधायचे होते आणि मार्कही चांगले पडले, त्याची पंचाईत. एवढे मार्क 'वाया' घालवू नयेत असे साऱ्या आळीचे मत पडे! आमचे मार्क मेकॅनिकलपाशी येऊन थांबले. वडील, म्हणजे आमचे अण्णा, पलूसजवळच्या एका गावात हायस्कूलवर शिक्षक. ते म्हणाले, "मेकॅनिकल घे. किर्लोस्करवाडी जवळ आहे. नोकरी लागली तर घरचा डबा नेशील." आमचे करिअर कौन्सेलिंग ते एवढेच.

डबा काही किर्लोस्करवाडीला गेला नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये दोन बॅगा, एक कुकर आणि आईने केलेला गोडा मसाला घेऊन आम्ही अमेरिकेत एम.एस.ला दाखल झालो. इथे तरी आवडीचा विषय निवडता येईल असे वाटले होते. पण पहिल्याच आठवड्यात उमगले की विषय आवडीने नव्हे, असिस्टंटशिपने ठरतो. ज्या प्राध्यापकांकडे पैसे होते, त्यांचे संशोधन होते पाण्याचा प्रवाह संगणकावर सोडवण्याचे. फी माफ आणि वर खर्चापुरता पगार! आम्हाला तत्क्षणी त्या विषयाची गोडी लागली.

२००३ साली पदवी मिळाली आणि पंप बनवणाऱ्या एका कंपनीत त्याच कामावर नोकरीही लागली. दिवसभर पडद्यावर पाण्याचे रंगीत नकाशे. दाब जास्त तिथे तांबडा, कमी तिथे निळा. काम वाईट नव्हते. पण चार वाजले असतील म्हणून घड्याळाकडे पाहावे, तर अडीचच वाजलेले. शेजारच्या टेबलावर एक चिनी सहकारी होती. ती प्रत्येक आकडा तीनदा तपासायची, आणि तिसऱ्या वेळी तिच्या चेहऱ्यावर आपण गरम जिलबी खाताना दिसतो तसा भाव असायचा. आम्ही तोच आकडा एकदा तपासून खिडकीबाहेर बघत असू.

मग काम बदलले का नाही? परदेशस्थ वाचकांना हे समजावून सांगायला नको. ग्रीनकार्डचे कागद त्या कामाच्या वर्णनावर भरलेले. कामाचे स्वरूप बदलले की कागद पुन्हा पहिल्यापासून. २००७ च्या जुलैत व्हिसा बुलेटिनने सगळ्यांना दार उघडले, दोन तारखेला ते लावून घेतले, आणि ओरड झाल्यावर सतरा तारखेला पुन्हा उघडले. तो महिना अनेकांच्या लक्षात असेल. त्या गर्दीत आमचाही शेवटच्या टप्प्याचा अर्ज आत गेला. तो १८० दिवस पडून राहिला की तशाच स्वरूपाच्या दुसऱ्या कामावर जायची मुभा मिळते. आम्हाला ती २००८ च्या सुरुवातीला मिळाली आणि वर्षअखेर मंदीने गाठले. हातातली नोकरी टिकली हेच नशीब, स्वभाव कसला बघता!

मंदी ओसरता ओसरता कंपनीने सर्वांची स्वभावचाचणी घेतली. मायर्स-ब्रिग्ज नावाची ही चाचणी इथल्या बहुतेक कचेऱ्यांत एकदा तरी होते. प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि शेवटी आपल्याला चार अक्षरे मिळतात. आमचे पहिले अक्षर 'आय' निघाले, म्हणजे अंतर्मुख. घरी येऊन सौ.ला सांगितले, तर तिला हसू आवरेना. "अहो, भाजीच्या रांगेत तुम्ही अनोळखी माणसाला पंपाची माहिती देता!" सहा महिन्यांनी पुन्हा तीच चाचणी दिली, तर 'आय'चा 'ई' झाला होता. तेव्हापासून अक्षरांवरचा आमचा विश्वास उडाला.

खरी चाचणी झाली २०१० च्या उन्हाळ्यात. कोलोरॅडोत, समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरांहून उंच असलेल्या एका गावच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात आमच्या कंपनीचा पंप बसवला होता. तो आवाज करतो अशी तक्रार आली. नेहमीचा सर्व्हिस इंजिनिअर रजेवर, म्हणून आम्हाला धाडले. तिथला पिकल्या मिशांचा ऑपरेटर दारातच म्हणाला, "तीन आठवडे झाले, खडी चावतोय तुमचा पंप."

आत पाऊल टाकले आणि आम्ही जागीच उभे राहिलो. तो आवाज आम्ही लहानपणापासून ओळखत होतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की आमचे काका पंप एक टप्पा खाली उतरवून बसवीत. कारण पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर बाहेरच्या हवेचा दाब ते पाणी पंपात ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला फार तर दहा मीटर पाणी चढवील. व्यवहारात सहा-सातच धरायचे. पंप उतरवायला उशीर झाला की तो अस्साच कडकडायचा आणि काका बांधावरून ओरडायचे, "बंद कर रे, पंखा खाईल!" दाब फार उतरला की पाणी थंड असतानाच उकळते. त्याचे बुडबुडे पुढे पंख्यावर फुटतात आणि धातू कोरत जातात. काकांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण आवाज ठाऊक होता.

आता कारण. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८३ टक्केच असतो. म्हणजे पाण्याच्या भाषेत १०.३ मीटरांऐवजी जेमतेम साडेआठ. आणि आमच्या हिशेबात दाब होता समुद्रसपाटीचा. संगणकाने आपोआप भरलेला तो आकडा आम्ही बदललाच नव्हता. 'आम्ही' म्हणजे अक्षरशः आम्हीच. त्या अहवालावर सही आमची होती. एकदा तपासून खिडकीबाहेर पाहिले होते ना, ते हे.

त्या दिवशी टाकीतल्या पाण्याची किमान पातळी वाढवून घेतली, पुढचा व्हॉल्व्ह थोडा आवळून प्रवाह कमी केला, आणि संध्याकाळपर्यंत खडीचा आवाज बसला. ऑपरेटरने पाठीवर थाप मारली. रात्री हॉटेलवरून साहेबांना फोन करून चूक आमचीच असल्याचे सांगितले. नव्या पंख्याचा खर्च कंपनीला पडला आणि त्या वर्षीच्या आमच्या मूल्यमापनात त्याची लाल शाईने नोंद झाली. ती योग्यच होती.

परतीच्या विमानात मात्र झोप लागली नाही. ज्या माणसाला पंपाचा आजार दारातून ऐकू येतो, त्यालाच तो कागदावर तीन महिने समोर असून दिसला नाही. ज्ञान तेच, माणूस तोच. फरक एवढाच की पडद्यावरचा आकडा आमच्याशी बोलत नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी तो बोलला असता. त्यांनी ही चूक पहिल्या पाच मिनिटांत पकडली असती. उलट त्यांना त्या पंपघरात उभे केले असते तर आवाजाने त्यांचे डोके दुखले असते. आपल्याला काय आवडते हे पुष्कळजण विचारतात. आपले लक्ष आपोआप कुठे जाते आणि आपल्या चुका कुठे होतात, हे विचारले तर स्वभावाचा पत्ता लवकर लागतो.

आम्ही फील्ड सर्व्हिसमध्ये बदली मागितली. साहेब म्हणाले, "एम.एस. होऊन पाना हातात घेणार?" मंडळाच्या गणेशोत्सवात तर मोठीच पंचाईत. एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे मेकॅनिक?" आम्ही म्हणालो, "हो." ते दुसऱ्या पंगतीला जाऊन बसले. गावी फोन करून अण्णांना सांगताना आमचाही आवाज जरा खाली गेला. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकार व्हायला गेलेले. रंग नीट ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली. पण यंत्राच्या ड्रॉइंगला रंग कुठं लागतो? मग ते शिकले, शिकवलं, बेळगावात सायकलचं दुकान टाकलं, पुढं नांगर काढला. त्यांनी स्वतःचं डोळं वळखलं. तू तुझा कान वळखलास. चांगलंच झालं." १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती अशा एका हुकलेल्या चित्रकाराच्या हातून. डब्याच्या हिशेबाने आम्हाला मेकॅनिकलला घालणाऱ्या अण्णांना ही गोष्ट तेव्हाही ठाऊक होती. सांगायची वेळ मात्र तेरा वर्षांनी आली.

सगळेच गोड झाले असे नाही. महिन्यातले दहा-बारा दिवस आम्ही घराबाहेर. २०१२ साली कन्येचा शाळेचा पहिला दिवस होता, तेव्हा आम्ही टेक्सासात एका पंपाचा शाफ्ट सरळ करीत होतो. फोटो सौ.ने काढला, डोळेही तिनेच पुसले. आपल्या स्वभावाला मानवणारे काम आपण निवडतो, पण त्याचे बिल कधी कधी घरच्यांच्या नावावर फाटते. हे करिअरच्या पुस्तकात नसते, म्हणून इथे लिहून ठेवतो.

सौ.ची निवड आमच्यापेक्षा शहाणपणाची. ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. हे काम ती प्रोग्रॅमिंग सोडून स्वतः मागून घेतलेले. "लोक म्हणतात टेस्टिंग म्हणजे दुय्यम," ती म्हणते, "पण 'हे मोडेल कसं?' हाच प्रश्न मला सकाळी उठवतो." अशा माणसांची किंमत फार मोठी आहे. १९८१ च्या जुलैत कॅन्सस सिटीतल्या एका हॉटेलात वरचे पादचारी पूल कोसळून ११४ माणसे गेली. मूळ आराखड्यात एकाच लांब सळईला दोन्ही पूल लोंबकळत होते. बांधायला सोपे जावे म्हणून एका सळईच्या दोन केल्या, आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला टांगला गेला. तिथल्या नटावरचा भार दुप्पट झाला. कागदावर हा बदल अगदी किरकोळ दिसत होता. 'आता कोण कोणाला लोंबकळतंय?' एवढे विचारणारा माणूस तिथे हवा होता.

तर इंजिनिअरिंग म्हणजे एक नोकरी नव्हे, एका नावाखालची दहा वेगवेगळी कामे आहेत. कोऱ्या कागदापुढे रमणारा डिझाइनला, शंका काढणारा तपासणीला, आवाज-वास-थरथर ओळखणारा जागेवर, गिऱ्हाइकाच्या पोटात शिरून त्याची खरी अडचण काढणारा विक्रीला, आणि चारचौघांना एका दिशेने चालवणारा प्रकल्पावर. ब्रँच कुठलीही असो, या जागा सगळीकडे असतात.

हे सारे ज्ञान आम्ही त्या रविवारी कन्येपुढे ओतले आणि समारोपाला म्हणालो, "तेव्हा तू मेकॅनिकल घे."

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, हे तुझं झालं. माझं कुठंय?"

आम्ही चमकलो. अण्णांनी डबा पाहिला होता. आम्ही पंप पाहिला. फरक काय झाला? मग प्रथमच गप्प बसून ऐकले. शाळेच्या रोबॉटिक्स स्पर्धेत त्यांच्या यंत्राचा हात मोडला, तेव्हा तू काय केलेस, असे विचारले. आमची खात्री होती की तिने पाना घेतला असणार. तर म्हणे, "दुरुस्त करायला सहाजण होते. सगळे एकमेकांना आडवे येत होते. मी फळ्यावर लिहिलं, कोणी काय धरायचं, स्क्रू कुठल्या डब्यात ठेवायचे. पुढच्या वेळी निम्म्या वेळात झालं. लोक एकमेकांना अडतात ना, ते मला बघवत नाही."

सौ. ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "हिची इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आहे. मी हे काम घरात गेली वीस वर्षं फुकट करत्ये."

मग आम्ही तिघांनी मिळून लिलियन गिलब्रेथबाईंविषयी वाचले. त्यांच्या यजमानांनी तरुणपणी गवंड्याच्या हाताच्या हालचाली मोजून वीट लावायचे काम सोपे केले होते. बाईंनी त्यात मानसशास्त्र आणले, बारा मुलांना जन्म दिला, स्वयंपाकघराच्या मांडणीचा अभ्यास केला, आणि १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय इंजिनिअरिंग अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. कन्येने ते वाचून लॅपटॉप उचलला आणि खोलीत गेली. अडीचशे शब्द तिने स्वतः लिहिले, आम्हाला दाखवले नाहीत. सध्या ती इंडस्ट्रियलच्या पहिल्या वर्षाला आहे आणि वसतिगृहाच्या जेवणाच्या रांगेबद्दल तिच्याकडे बऱ्याच सूचना आहेत.

वाचकहो, मंडळात दरवर्षी आपल्या मुलांसाठी करिअरचा कार्यक्रम होतो. आपण व्यासपीठावर बसून कोणत्या शाखेला किती पगार ते सांगतो. पुढच्या वेळी प्रत्येकाने आपल्या हातून झालेली एक चूक सांगावी, आणि ती चूक होऊ नये म्हणून शेजारी कसा माणूस बसायला हवा होता, तेही सांगावे. मुलांना आपापली खुर्ची त्यातून लवकर सापडेल असे आम्हाला वाटते. सुरुवात करायला आम्ही तयार आहोत. आमची चूक १.८ मीटरची आहे.