पहिले पाऊल

पहाटे पलंगावरून उतरून पहिले पाऊल फरशीवर टेकवावे, तोच उजव्या टाचेत कोणी खिळा ठोकावा अशी कळ उठते. दहा-वीस पावलांनंतर ती ओसरते. बराच वेळ बसून उठलो की पुन्हा आपली ओळख देते. 1959 साली ज्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेथेच माझी सारी नोकरी काँक्रीटवर उभ्याने झाली. निवृत्तीनंतर वैशाली नगरात घर केले, आणि आता विश्रांती, असे म्हणतो न म्हणतो तोच हे दुखणे आले.

क्ष-किरण चित्रात टाचेच्या हाडाला लहानसा काटा दिसला. सारा दोष मी त्याच्यावर लोटला. डॉक्टर हसून म्हणाले, "असा काटा न दुखणाऱ्या टाचांतही सापडतो. दुखते आहे तो तळव्याचा पट्टा." टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत हा चिवट पट्टा ताणलेला असतो. पावलाची कमान धनुष्य मानली, तर हा तिची प्रत्यंचा. कठीण जमिनीवरचे दीर्घकाळ उभे राहणे, वाढलेले वजन, आखडलेली पोटरी यांमुळे तो टाचेपाशी झिजतो. रात्री पाऊल सैल पडते, पट्टा आखडतो. सकाळी त्यावर अकस्मात देहाचा भार येतो. म्हणून पहिल्याच पावलाची वेदना सर्वांत तीव्र. उपाय साधे, पण चिकाटीचे : पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढणे, भिंतीला हात टेकून पोटरी ताणणे, घरातही मऊ तळाची चप्पल घालणे. बहुतेकांना गुण येतो. मात्र त्याला काही महिने लागतात.

पत्नी शेजारी बसून ऐकत होती. घरी परतताना ती एवढेच म्हणाली, "मला हे दहा वर्षांपूर्वी झालं होतं."

मला आठवले. तिने सांगितले होते. मी "वात असेल" म्हणून तेलाची बाटली पुढे केली होती. मला निदान कारखान्याचे जाड बूट होते. ती ओट्यापाशी अनवाणी उभी होती, आणि तिच्या पाळीला भोंगा नव्हता.

त्या संध्याकाळी चपलांचे दोन जोड आणले. आता पहाटे आम्ही दोघे पलंगाच्या काठाशी बसून बोटे ओढतो आणि मगच पहिले पाऊल टाकतो. माझी कळ कमी होत आहे. तिची केव्हा थांबली, हे मात्र मी अजून विचारू शकलेलो नाही.