मनातली शंका कुणाला तरी सांगा



एरवी मी इथे रक्तदाब, साखर, थायरॉईड यांबद्दल लिहितो. आज थोडं स्वतःबद्दल लिहिणार आहे. त्याचं कारण एक तरुण शिक्षिका.

छातीत धडधडतं म्हणून ती साताऱ्याच्या माझ्या दवाखान्यात आली होती. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉईड सगळं नॉर्मल. रिपोर्ट हातात घेऊन उठता उठता ती म्हणाली, "डॉक्टर, मला माझं काम येतच नाही असं सारखं वाटतं. एक दिवस सगळ्यांना कळेल. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही."

मी तिला बसायला सांगितलं आणि म्हणालो, "मलाही असं झालं होतं."

काय घडलं होतं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

संध्याकाळची वेळ, बाहेर वीसेक पेशंट. मधुमेह असलेल्या एक मावशी आल्या. पोटात वरच्या बाजूला जळजळ, मळमळ, थोडा घाम. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मी पित्ताचं औषध दिलं आणि "त्रास वाढला तर लगेच या" असं सांगून घरी पाठवलं. पहाटे त्यांना हार्ट अटॅक आला. जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग कायमचं कमी झालं.

मधुमेहींमध्ये हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. कधी नुसती जळजळ, घाम, दम किंवा कमालीचा थकवा एवढंच जाणवतं. सुरुवातीचा ईसीजी नॉर्मल असू शकतो. म्हणून तो थोड्या वेळाने पुन्हा काढायचा असतो, ट्रोपोनिन ही रक्ततपासणीही करायची असते. हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी मी त्यांना थांबवून घेतलं नाही.

त्यानंतरचे तीन महिने

रात्री तीनला जाग यायची. साध्या व्हायरल तापालाही मी पाच-सहा तपासण्या लिहायला लागलो. सहज बरे करता आले असते असे पेशंट मोठ्या दवाखान्यात पाठवू लागलो. चिठ्ठी लिहिताना हात थबकायचा. माझ्या भीतीचं बिल पेशंट भरत होते.

घरी बोललो नाही, उगाच काळजी नको म्हणून. डॉक्टर मित्रांनाही सांगितलं नाही, ते काय म्हणतील म्हणून. लोक "डॉक्टरांच्या हाताला गुण आहे" म्हणायचे आणि मला वाटायचं, आपण यांना फसवतोय.

सांगलीचा मित्र

अकरावी-बारावीला मी सांगलीत विलिंग्डन कॉलेजला होतो. तेव्हाचा एक मित्र. मी पुढे मिरजेला मेडिकलला गेलो, तो गणपती पेठेत वडिलांच्या किराणा दुकानात बसला. एका रविवारी फोन न करताच मी गाडी काढली. कराड, पेठ नाका, आष्टा, सांगली. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, दुकान मुलावर सोपवलं आणि मला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेला.

मी सगळं सांगितलं. तो मध्ये एक शब्दही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "त्या बाई आता कशा आहेत?"

मला माहीत नव्हतं.

"तीन महिने त्यांचाच विचार करतोयस, आणि त्या कशा आहेत ते माहीत नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने तो पुलाकडे हात करून म्हणाला, "पावसाळ्यात पेठेत काय काय बोलतात. कोयनेतून एवढं सोडलं, तेवढं सोडलं. मी कुणाचं ऐकत नाही. आयर्विनवर किती फूट आहे ते बघतो आणि त्याप्रमाणे माल हलवतो. तू फूट मोजलेच नाहीस. नुसता पूर आला, पूर आला म्हणून घाबरून बसलायस."

सांगलीकरांना हे समजावून सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्याचं दुकानही पाण्यात होतं. पूर काय असतो ते त्याला चांगलंच माहीत आहे.

मग आम्ही दोघांनी मोजायला घेतलं. ईसीजी काढला होतास? हो. दुसरा काढायला हवा होता? हो. का नाही काढलास? गर्दी होती, घाई केली. मग चूक झाली? झाली. तुला डॉक्टरकी येत नाही, असं आहे का? यावर मी गप्प बसलो.

"काही झालं नाही रे, सोडून दे," असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला पटलं नसतं.

पुढे काय केलं

त्याच आठवड्यात मी मावशींच्या घरी गेलो. काय करायला हवं होतं आणि मी काय केलं ते सांगितलं, माफी मागितली. त्यांचे यजमान बराच वेळ बोलले नाहीत. मग आत जाऊन फाईल घेऊन आले आणि एका गोळीबद्दल विचारलं. मावशी आता दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. ते योग्यच आहे.

दवाखान्यात मात्र एक नियम झाला. मधुमेह आहे, पोटात वर जळजळ आहे आणि घाम आलाय, अशा पेशंटला एका ईसीजीवर घरी सोडायचं नाही. माझ्या शंकेत जो भाग खरा होता, त्याचा हा नियम झाला. उरलेली हळूहळू ओसरली.

सांगितल्याने काय होतं?

चूक झाल्यावर डॉक्टरही आतून कोसळतो, हे आल्बर्ट वू या डॉक्टरांनी 2000 साली एका प्रसिद्ध लेखात मांडलं. पहिला बळी अर्थातच रुग्ण, पण दुसरा बळी डॉक्टर असतो, असं त्यांनी म्हटलं. चूक न होताही "मी लायक नाही, एक दिवस उघडा पडेन" असं वाटणं याचं वर्णन पॉलिन क्लान्स आणि सुझान आईम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच केलं आहे. म्हणजे हा तुमचा एकट्याचा दोष नाही.

शंका मनात असते तोवर तिला आकार नसतो. दुसऱ्याला सांगताना वाक्य करावं लागतं: काय झालं, कधी झालं, मला कशाची भीती वाटते. भावनेला शब्द दिले की मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागाची हालचाल कमी होते, असं 2007 च्या एका मेंदू-स्कॅनच्या अभ्यासातही दिसलं.

कुणाला आणि कसं सांगाल?

- बोललेलं बाहेर जाणार नाही, अशा माणसाला. तो तुमच्या क्षेत्रातला नसला तरी चालेल.
- तुमचं फक्त कौतुक करणाऱ्याला नको. तुमची चूक दाखवूनही तुमचाच राहणारा हवा.
- "माझं काहीच जमत नाही" असं न म्हणता एक प्रसंग सांगा.
- "आधी फक्त ऐक" असं सुरुवातीलाच म्हणा.

आणि तुमच्यापाशी कुणी असं बोललं तर सल्ल्याची घाई करू नका. ऐका, मग प्रश्न विचारा.

मित्र पुरेसा नसतो तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, झोप-भूक बिघडली आहे, कशातच रस वाटत नाही, तर डॉक्टरांना भेटा. जगू नये असा विचार मनात आला तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सरकारच्या टेली मानस या सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

त्या शिक्षिकेला मी गोळी लिहून दिली नाही. "तुमचं असं हक्काचं माणूस कोण?" एवढंच विचारलं. थोडा विचार करून ती म्हणाली, "डी.एड.ची एक मैत्रीण आहे, कराडला असते. पण वर्षभरात फोन झाला नाही."

"मग आजच करा," मी म्हणालो.

तुम्हालाही तेच सांगतो.