ताई, मायले सांगू नका

पारोळा तालुक्यातल्या वस्त्यांवर काम करताना हे वाक्य कानावर पडतंच. त्याला काय उत्तर द्यायचं, हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग.

समाजकार्याच्या वर्गात गोपनीयता पहिल्या सत्रातच शिकवतात. 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 तिच्या थेट आड येतं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवायचं. नाही कळवलं तर कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. अशिलाची गोष्ट पोटात ठेवायला वकिलाला कायद्याचं संरक्षण आहे, आम्हा समाजकार्यकर्त्यांना नाही.

बळजबरी असेल तर माझ्या मनात शंका नसते. नातेवाईक असो, शेजारी असो की मुकादम, तिथे गुपित पाळणं म्हणजे त्यालाच पाठीशी घालणं. पेच पडतो तो लग्न झालेल्या सतरा वर्षांच्या पोरीपाशी. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, नवराबायकोच्या जोडीवर मिळते. मग लग्न उरकून टाकतात. बालविवाह रोखायचं काम गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, पण त्यालाही त्याच गावात दिवस काढायचे असतात.

11 ऑक्टोबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बायको अठराच्या आतली असेल तर नवऱ्याचा संबंधही बलात्कारच. तत्त्वाला माझी हरकत नाही. पण ती पोर पोटुशी राहून दवाखान्यात आली की एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद, होते, पोलिसांची गाडी वस्तीत शिरते आणि नवरा आत जातो. हे पाहिलेली दुसरी पोर वय वाढवून सांगते, नाहीतर येतच नाही. मग ना नोंदणी, ना रक्ततपासणी, ना लोहाच्या गोळ्या.

2022 मध्ये महिन्याभराच्या अंतरानं सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले. 29 सप्टेंबरच्या निकालानं गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना कळवताना तिचं नाव न देण्याची मुभा डॉक्टरांना दिली. 2 नोव्हेंबरचा निकाल चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणातला. माहिती असून कळवलं नाही, असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयानं रद्द केला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा उभा केला. मला दोन्ही पटतात. फक्त पहिल्यातली सवलत डॉक्टरपुरती आणि गर्भपातापुरती. मूल हवं असलेल्या पोरीला ती नाही, आणि तिला दवाखान्यात घेऊन येणाऱ्या कार्यकर्तीलाही नाही.

म्हणून मी बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगते, "यातलं काही मला पोलिसांना कळवावं लागेल. कोणतं, ते आधी ऐक, मग ठरव." काही पोरी तिथेच गप्प होतात. एखादी उठून जाते, आणि ती पुन्हा येईलच असं नाही. माझे काही सहकारी म्हणतात, आधी बोलू द्यावं, कायदा मागून सांगावा. मला हे मान्य नाही. विश्वासानं तोंड उघडायला लावून मग कलम दाखवणं म्हणजे पोरीला फसवणंच.

कळवायचं की नाही, हे माझ्या हातात नाही. कसं कळवायचं, यातलं बरंच आहे. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेश न घालता घ्यावा असं याच कायद्याचं कलम 24 म्हणतं. त्यामुळे पोलिसांची गाडी वस्तीत आलीच पाहिजे असं नाही, अमळनेरला मावशीच्या घरीही जबाब होऊ शकतो. हे आपणहून घडत नाही, ठाण्यात जाऊन मागावं लागतं. प्रकरण चोवीस तासांत बाल कल्याण समितीकडे गेलं का, हेही विचारत राहावं लागतं.

आणि पोलिसांना द्यायचा अर्ज. तिनं सांगितलेलं सगळं त्यात जात नाही. आईबापाची भांडणं, शाळेतला कुणी आवडलेला मुलगा, सासूबद्दलची चीड, यांचा पोलिसांशी संबंध नाही. लिहून झालं की तिला वाचून दाखवते. हे काढा म्हणाली आणि ते गुन्ह्याच्या बाहेरचं असेल, तर तिच्यासमोरच खोडते.