वेळेवर सुरू केलेलं प्रभुभोजन

धुळ्यातल्या आमच्या मंडळीत काही वर्षं प्रभुभोजनाची तयारी माझ्याकडे होती. त्या काळात मी बऱ्याच माणसांना त्या मेजापासून दूर ठेवलं. कुणाला येऊ नका म्हटलं नाही, कुणाचा अपमान केला नाही. उपासना ठरल्या वेळी सुरू व्हावी आणि ठरल्या वेळी संपावी, एवढाच आग्रह धरला. तो आग्रह कुठे चुकला ते नीट लिहून ठेवावंसं वाटतं, कारण तेव्हा तो कुणालाच चुकीचा वाटला नव्हता.

माझं माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत. लग्न होऊन जळगावात आले तेव्हा सासूबाईंनी मला या कामाची रीत लावून दिली. महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा. शनिवारी रात्री काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, उकळून, कुस्करून, स्वच्छ फडक्यातून रस गाळायचा. पावाच्या कडा काढून बारीक चौकोनी तुकडे करायचे. काचेचे इवलेसे प्याले एकेक करून पुसायचे. हे करताना सासूबाई कुणाशी बोलत नसत. मीही तशीच शिकले.

पुढे सासऱ्यांच्या घराच्या वाटणीवरून थोरल्या जाऊबाईंशी बिनसलं. मंडळी एकच, बाकंही जवळजवळची. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय लहानपणापासून कानावर होता: अयोग्य रीतीने भाकर खाऊ नये, आधी स्वतःला पारखावं. मी स्वतःला पारखलं, मनात राग सापडला आणि ताट आलं की न घेता पुढे द्यायला लागले. हा मला प्रामाणिकपणा वाटायचा. जाऊबाई मात्र घेत. त्यांच्या हातातल्या प्याल्याकडे बघून मी मनात म्हणायचे, हिला काहीच कसं वाटत नाही? म्हणजे ताट नाकारून माझा राग कमी होत नव्हता, उलट त्याला रविवारचं बळ मिळत होतं.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी आल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा आणि मग परत यावं. मी अर्पण ठेवलं आणि तिथेच बसून राहिले. जाऊबाईंच्या घरी गेले नाही. त्यांच्या आजारपणात बोलणं पुन्हा सुरू झालं खरं, पण त्याचं श्रेय माझं नाही. पहिला फोन त्यांनी केला होता.

याची किंमत माझ्या मुलीने मोजली, आणि ते मला फार उशिरा कळलं. बाप्तिस्मा घ्यायचं वय झालं तेव्हा ती म्हणाली, "मी अजून तेवढी चांगली नाही." पाळकसाहेबांनी समजावलं, मी समजावलं. पण तिने वर्षानुवर्षं शेजारी बसून आईचा हात ताट पुढे सरकवताना पाहिला होता. मेज चांगल्या माणसांसाठी असतं, हे ती माझ्याकडूनच शिकली होती.

यजमानांची बदली झाली आणि आम्ही धुळ्याला आलो. खानदेशात ख्रिस्ती मंडळ्यांची घडण दोन बाजूंनी झाली. भुसावळ-जळगाव-चाळीसगाव पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम होतं, तर पश्चिम खानदेशात, नवापूर-नंदुरबारकडे, स्वीडिश आणि इतर स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी भिल्ल आणि मावची लोकांत काम केलं. जळगावात माझ्या ओळखीची बहुतेक माणसं रेल्वे, शाळा, दवाखाना अशा नोकऱ्यांतली होती. धुळ्यात पुढच्या बाकांवर तशीच कुटुंबं होती, पण मागच्या बाकांवर नवापूर, साक्री, शहाद्याकडून मजुरीला आलेली माणसं असत. कुणी अवधानच्या एमआयडीसीत, कुणी बांधकामावर. त्यांची सुटी रविवारीच असेल असं नव्हतं. सकाळचं काम उरकून, हातपाय धुऊन ती येत, तोवर उपदेश अर्ध्यावर आलेला असे.

आणि आमच्याकडे प्रभुभोजन उपदेशाच्या आधी होई. पाळकसाहेबांना दुपारी दुसऱ्या गावी जायचं असे, म्हणून ही सोय. चर्चची देखभाल करणारे एक म्हातारे बाबा होते, धुळ्याचेच. ते ताटं बाहेर नेताना मला अहिराणीत म्हणत, "ताई, जरा थांबा, लोके येतीन." मी म्हणायचे, "बाबा, वेळ म्हणजे वेळ." मी शिक्षिका. घंटा झाली की फाटक बंद करण्यात मला कधी काही गैर वाटलं नव्हतं.

नवापूरकडची एक बाई कडेवर मूल घेऊन यायची. आल्यावर आधी मेजाकडे बघायची, मग मागे बसायची. एकदा उपासना संपल्यावर ती मागच्या खोलीत आली. मी प्याले गोळा करत होते. तिने विचारलं, "उरलं नाही का, बाई?" मी सांगितलं, "पुढच्या महिन्यात लवकर या." ताटात पावाचे तुकडे होते. चार-सहा प्यालेही भरलेले होते. ते तिला दिसत होते.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं. मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यावरूनच जातो, त्यावरून मे महिन्यात माणसांचे तांडे पायी चालले होते. आमच्या मागच्या बाकांवरची कुटुंबंही कामं थांबल्यावर गावांकडे गेली. प्रभुभोजन मोबाइलवर सुरू झालं. मी घरी रस करायची, पोळीचा तुकडा घ्यायची, पडद्यावरच्या पाळकसाहेबांबरोबर प्रार्थना करायची. उशीर नाही, गडबड नाही, माझ्या मनासारखं सगळं वेळेवर. आणि काहीच पोचत नव्हतं. आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत भाकरीकडे स्मरणाची खूण म्हणून बघतात, कॅथलिक बांधव ती प्रत्यक्ष ख्रिस्तशरीर मानतात. पण दोन्हीकडे ती कुणीतरी आपल्या हातात द्यावी लागते. माझं मीच घेतलेलं मला पोसत नव्हतं.

त्याच दिवसांत महिला मंडळाच्या अभ्यासासाठी तो अकरावा अध्याय माझ्या वाट्याला आला आणि मी तो पहिल्यांदा सलग वाचला. इतकी वर्षं मी मधली दोन-चार वचनंच वाचत आले होते. पौल चिडलाय तो कशावर? करिंथमध्ये मंडळी एखाद्या ऐपतदाराच्या घरी जमत असे. काहीजण आधी येत आणि आपलं जेवण उरकून घेत. बाकीचे उपाशी राहत आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांना खाली मान घालावी लागे. अभ्यासक सांगतात की मागे राहणाऱ्यांत गुलाम आणि मजूर असणार, कारण त्यांचा वेळ त्यांच्या हातात नव्हता. रविवार तेव्हा सुटीचा वारच नव्हता. रोमन साम्राज्यात तो झाला 321 साली, कॉन्स्टंटाइनच्या हुकमाने. त्याआधीचे ख्रिस्ती लोक कामाच्या आधी किंवा नंतर भेटत. सुमारे 112 साली प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्याने सम्राटाला लिहिलेल्या पत्रात नोंद आहे की हे लोक पहाटे उजाडण्यापूर्वी जमतात आणि नंतर जेवायला पुन्हा एकत्र येतात. पौलाचा शेवटचा सल्ला साधा आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

म्हणजे ज्या अध्यायाच्या धाकाने मी जळगावात ताट नाकारत होते, त्याच अध्यायातला गुन्हा धुळ्यात दर महिन्याला करत होते. आमचे ते म्हातारे बाबा पौलाचंच म्हणणं मला अहिराणीत सांगत होते.

महाराष्ट्रात एका पंगतीला बसणं ही कधीच साधी गोष्ट नव्हती. 1849 साली मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. जातिभेद मोडू पाहणाऱ्या त्या सुशिक्षितांत दाखल होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे, आणि तोही गुपचूप. पुढे सभासदांची नावं बाहेर फुटली आणि ती मंडळी विरून गेली. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना सोवळं सुटून तिथवर यायला 1900 साल उजाडलं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना कळतं की कुणाच्या हातचं खायचं हा प्रश्न त्यांनी किती सोसून सोडवला. कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांतल्या जुन्या माणसांनी या एका भाकरीपायी भाऊबंद गमावले. आणि मी त्याच मेजाभोवती घड्याळाचं सोवळं उभं केलं.

सरकारने 16 नोव्हेंबर 2020 ला प्रार्थनास्थळं उघडली, दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 ला परत उघडली. तेव्हा मी मंडळीच्या पंचांसमोर हे सगळं मांडलं. प्रभुभोजन उपासनेच्या शेवटी ठेवावं, असं सुचवलं. विरोध झाला, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. मधुमेह असलेल्या वयस्क माणसांना तेवढं बसवत नाही, पाळकसाहेबांची दुपारची फेरी चुकते. शेवटी उपदेश थोडा आवरता घ्यायचं ठरलं. आता प्रभुभोजन शेवटी होतं आणि त्यानंतर सगळे मिळून खिचडी खातात. तरी कुणी ना कुणी उशिरा येतंच. त्यांच्यासाठी झाकून ठेवलेलं असतं, आणि देताना पाळकसाहेब पुन्हा प्रार्थना करतात. काही जुन्या मंडळींना हे अजूनही पटलेलं नाही.

मागच्या बाकांवरही मी आता बसते. तिथे ताट शेजारच्या हातातून येतं. सिमेंटने फाटलेल्या बोटांनी ते माझ्यासमोर धरलं जातं, मी घेते आणि पुढच्याला देते. लहानपणापासून ऐकलेलं 'आत्मिक अन्न' मला तिथे मिळतं. रस आता दुसरी एक ताई करते.

नवापूरकडची ती बाई परत आली नाही. तिच्या भागातल्या लोकांना विचारलं. कुणी म्हणतं ती सुरतेला गेली, कुणाला ती आठवतच नाही. तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे शोधही धड घेता येत नाही. नवापूरजवळच्या चिंचपाड्याला गेले होते तेव्हा तिथल्या उपासनेत चेहरे बघत बसले.

मुलीला हे सगळं सांगितलं. तिने अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही, पण हल्ली ती प्रश्न विचारते. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "पण आई, त्या दिवशी उरलं होतं ना? मग दिलं का नाहीस?" नियम, वेळ, पंचांची परवानगी अशी कारणं तोंडावर आली होती. पण खरं कारण मला माहीत होतं, आणि मी तिला तेच सांगितलं. मला प्याले धुऊन लवकर घरी जायचं होतं.