नववा गडी

सेवानिवृत्तीनंतर मनुष्यास एखादा छंद असावा, असे म्हणतात. आम्हांस जुन्या फोटो-पोस्टकार्डांचा लागला. त्यातही खेळाडूंच्या संघांच्या. १९०३ साली कोडॅक कंपनीने पोस्टकार्डाच्या आकाराचे फोटो घेणारा कॅमेरा काढला, आणि अमेरिकेतील गावोगावचे हौशी बेसबॉल-संघ अशा कार्डांवर उमटू लागले.

तसेच एक कार्ड अकलूजच्या आमच्या घरी ट्रंकेत सापडले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली खोखोचे नियम बांधले गेले. त्यानंतर तीस वर्षांनी काढलेला हा आमच्या वडिलांच्या खोखो-संघाचा फोटो. गडी नऊ, पाठीमागे वडिलांच्या सुवाच्य अक्षरातील नावे मात्र आठच!

नव्वदी ओलांडलेल्या आत्यास विचारले. ती म्हणाली, "अरे, सर्वांत चपळ तोच होता. पण त्याला पाणी वरून ओतावे लागे. त्याचे नाव कोण लिहिणार?"

"तुला तरी आठवते का, आत्या?"

"आम्ही त्याला नावाने हाक कधी मारलीच नाही रे."

छत्तीस वर्षे आम्ही वर्गात हजेरी घेतली. नाव गाळले की समोर बसलेला मुलगाही गैरहजर ठरतो, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. वडिलांविषयीचा आदर उणावला नाही. पण कार्ड हाती घेतले की मान खाली जाते.

वाचकहो, आपल्याही ट्रंका उघडा. सांगणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर नावे विचारून ठेवा. आणि जे गाळलेले असेल, ते आधी विचारा.